हाक तेवढी माझी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या आळीत कुणालाही विचारा. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून कुणावर रुसली, सगळं माझ्या पोटातून संध्याकाळच्या आत बाहेर. आमचे हे तर म्हणतात, भोरात दवंडी पिटायची असेल तर ढोल नको, हिला नुसतं कानात सांगा. तर अशी मी — आणि एक गोष्ट मात्र गिळून बसले आहे. ह्यांना सांगितली नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडून बसते तेव्हासुद्धा तेवढी वगळून बाकीचं बोलते. देवाला काय ठाऊक नसतं? पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि आपण होऊन बोलणं वेगळं, नाही का?

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून. दुसरं कारण काही नाही.

गोष्ट तशी एवढीशी आहे. कुणाच्या घरात शिरले नाही, कुणाच्या जिवावर उठले नाही. एका लेकराला घरात काय म्हणून हाक मारायची — एवढीच. हसलात ना? हसा. मीही कैक वर्षं असंच हसून स्वतःला गप्प केलं.

माझं माहेर वेल्ह्याच्या वाटेवर, मार्गासनीपासून थोडं आत. भोरहून निघायचं, नसरापूरला गाडी बदलायची, आणि उतरल्यावर बांधाबांधानं चालत जायचं. आम्ही दोघंच भावंडं — मी थोरली, दत्ता धाकटा. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आम्हीच काय, सगळी वाडीच आबा म्हणायची. मला लहानपणापासूनची सवय, वाडीच्या वळणावर आलं की तिथूनच 'आबा' म्हणून हाळी द्यायची. ते भातखाचरात असोत नाहीतर गोठ्यात, असतील तिथून ओ द्यायचे. लग्न झालं, लेक झाली, तरी माझं ते सुटलं नाही. आई म्हणायची, ही आली की आधी वरडणं येतं आन् मग ही येती.

आबा गेले आणि पुढच्या खेपेला मी त्या वळणावर आले. तोंड उघडलं, आणि मिटलं. हाक कुणाला मारणार?

बघा — सुरुवातच मी माझ्या बाजूनं केली. वकील नको मला, माझी मीच पुरेशी आहे. राहू दे. आधी शालनचं सांगते.

शालन म्हणजे दत्ताची बायको, माझी भावजय. सारोळ्याची. नीरेच्या पुलापाशी हायवेला तिच्या वडलांचं उसाच्या रसाचं दुकान होतं. तिची आई ती लहान असतानाच गेली. आमच्याकडं लग्न होऊन आली तेव्हा इतकी हळू बोलायची, की दोनदा 'काय गं?' करावं लागायचं. आणि आबांसमोर तर तोंडातून शब्द नाही. त्यांच्या वहाणांचा आवाज आला की हिचा पदर डोक्यावर, मान खाली. ताट ठेवलं की आत. काही लागलं तर दाराआडून, 'आबा, भाकरी वाढू का? आबा, पाणी देऊ का?' आबा खाष्ट नव्हते हो. जीव होता त्यांचा सुनेवर. पण आमच्याकडची रीत तशी, आणि कुठली रीत किती पाळायची हे कानात सांगायला तिला आई नव्हती, म्हणून ती सगळीच पाळायची.

आबा वारले तेव्हा शालन पोटुशी होती. आजोबा गेल्यावर घरात मुलगा झाला तर नाव त्यांचंच ठेवायचं, हे आमच्याकडं कुणी बसून ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आबांचं नाव सोपान. म्हणजे मुलगा झाला तर तो सोपान. पण मग पंचाईत होते बायकांची. आईनं लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. सुनेनं सासऱ्याचं घ्यायचं नाही. मग पाळण्यातला सोपान रडायला लागला, तर त्याला काय म्हणून गप्प करायचं? आजीनं काय म्हणायचं, 'अवो, रडू नका'? म्हणून अशा पोराला घरात हाक मारायला दुसरं नाव लागतंच. शाळेत एक, घरात एक. वाडीत असे किती तरी आहेत, त्यांची खरी नावं निवडणुकीच्या वेळीच कळतात.

तर एकदा मी माहेरी गेले होते, शालनला सातवा असेल. दुपारी आम्ही दोघी ओसरीवर तांदूळ निवडत बसलो होतो. आई शेतात. शालन बराच वेळ नुसती सुपात बोटं फिरवत होती. मग म्हणाली, "आक्का, मुलगा झाला तर नाव आबांचं. ते तुमच्या घरचं हाय, त्यात माझं काय बोलणं न्हाई. हाक तेवढी माझी ठिवू का?"

मी म्हटलं, कोणती गं?

"राघू."

मी हसले. म्हटलं, पोपट पाळणार आहेस का? ती हसली नाही. म्हणाली, तिची आई तिला राघू म्हणायची. पोरगी असून. 'माझा राघू' म्हणून जवळ घ्यायची. आईचा चेहरा तिच्या ध्यानात नव्हता, घरात फोटो नव्हता, साडी कुणी ठेवली नव्हती. ती एक हाक राहिली होती, आणि आई गेल्यावर ती हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. "बारशाला नाव तुमीच ठिवणार ना, आत्या म्हणून. तवा आधी तुमास्नी इचारलं."

मी काय म्हणाले माहितीय? म्हणाले, "ठेव की. त्यात इचारायचं काय?" तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. आणि ते खरंच मनापासून होतं — म्हणजे त्या दुपारी होतं.

आईलाही तिनं मग सांगितलं. आईची काही हरकत नव्हती. आईला काय, नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार नाही एवढं झालं की बास.

मुलगा झाला. बाळंतपण आमच्याकडंच झालं, कारण तिच्या माहेरी करायला बाईमाणूस नव्हतं. बाराव्या दिवशी बारसं. मी भोरहून सकाळच्या एसटीनं निघाले. अंगडं-टोपडं, पाळण्यावर बांधायला खेळणं, पेढे, सगळं घेऊन. आणि त्या वळणावर आले. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. हातातल्या पिशव्या खाली ठेवून जरा वेळ तिथंच उभी राहिले. मग घरी गेले, तर घर नुसतं फुललेलं. वाडीतल्या बायका, सारोळ्याच्या तिच्या चुलत्या-मावश्या, घुगऱ्यांचं पातेलं, पाळण्याला झेंडूची माळ. आणि जिकडं तिकडं 'राघू, राघू'. राघूला उचला, राघूला तीट लावा, राघू हसला बघा. दत्ता म्हणतोय राघू. आई म्हणतेय राघू. माझ्याकडं बघून कुणीतरी म्हणालं, आली का आत्या, चला, आता राघूचं नाव ठेवून घेऊ.

आबांचा फोटो भिंतीवर होता, त्याला हार होता. पण त्या गर्दीत त्यांचं नाव कुणी काढलं नाही. काढतील कशाला? बारसं होतं, तेरावं नव्हतं. हे आज कळतंय. तेव्हा माझ्या डोक्यात एकच बसलं, की ह्या घराचं आबांवाचून चालायला लागलं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं नव्हतं का? सगळ्यांच्या आधी मलाच विचारलं होतं. तिनं.

पाळण्याखालून-वरून बाळ फिरवून झालं. बायका माझ्या पाठीवर बुक्क्या मारायला हात उगारून उभ्या. मी पाळण्यात वाकले. काय सुंदर दिसत होता हो — डोळे मिटलेले, मूठ गालाशी. मी कानात म्हटलं, सोपान. कुर्रर्र. मग हाकेचं नाव सांगायचं होतं. आणि मी मोठ्यानं म्हणाले, "आबा."

बुक्क्या मारणारे हात तसेच राहिले. आई म्हणाली, "अगं, राघू ठरलंय ना?"

तिथंसुद्धा थांबता आलं असतं. जीभ घसरली म्हटलं असतं, चार बायका हसल्या असत्या, मीही हसले असते. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "आबांनीच सांगितलं होतं मला. जाताना. म्हणाले, दत्त्याला मुलगा झाला तर त्याला आबा म्हना, म्हंजी मी हितंच ऱ्हाईन."

हे खोटं होतं.

पूर्ण खोटं. आता लिहिलं — म्हणजे झालं. आबा शेवटी भोरात माझ्या घरीच होते, दवाखाना जवळ म्हणून. त्यांच्याजवळ मीच असायची, त्यामुळं ते काय बोलले आणि काय नाही, हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि ते काय बोलले, सांगू? बैलाचं बोलायचे. वरच्या खाचराचा बांध फुटलाय म्हणायचे. दत्त्याला बोलवा म्हणायचे, सारखं दत्त्याला बोलवा. आणि मला बाई म्हणायचे. "बाई, जरा पानी द्या." "बाई, आमच्या दत्त्याला निरोप धाडा." दवाखान्यातली कुणी असेन असं वाटायचं त्यांना. मी त्यांचं तोंड पुसायची, पेज भरवायची, आणि ते म्हणायचे, तुमचं लई उपकार झालं बाई. शेवटच्या दिवशीसुद्धा बाई.

ज्या माणसानं मला ओळखलं नाही, त्याच्या तोंडी मी शब्द घातला, आणि तोही मला एकटीला सांगितलेला शब्द. म्हणजे जाताना त्यांनी दत्ताला नाही, मला काही सांगितलं, असं झालं ना? मला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की बोलता बोलता मलाच ते ऐकू आलं.

आई मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. दत्ता भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, जिवाला कळतं बाई, माणसाच्या जिवाला सगळं कळतं. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि ती नजर — खोटं कशाला बोलू आता — ती मला आवडली.

शालन बाजेवर बसली होती, कानाला रुमाल बांधून. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पाळण्याकडं. म्हणाली, "आबांचाच शब्द हाय तर तसंच व्हऊ द्या."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? राघू काय आणि आबा काय. मलाही तसंच वाटलं होतं. काय होणार आहे याची मला कल्पना नव्हती. पण कल्पना नव्हती म्हणजे मी सुटले, असं नाही.

झालं असं, की आई, दत्ता, मी, शेजारीपाजारी, आम्हा सगळ्यांच्या तोंडात 'आबा' लगेच बसलं. आबा, शी केली का रे? आबा, किती रडशील? शालनच्या तोंडात मात्र ते बसेना. तिच्यासाठी आबा म्हणजे ओसरीवरचे आबा. त्या शब्दाबरोबर तिला अरे-तुरे येतच नव्हतं. ती पोटच्या पोराला म्हणायची, "आबा, दूध प्या. आबा, निजा आता." पोर मांडीवर, आणि हिचा हात पदराशी. बघणारे लोटपोट व्हायचे. सगळ्यांत जास्त मी. भोरला येऊन ह्यांना नक्कल करून दाखवायची मी तिची. लोकांना कौतुक — बघा, सून अजून सासऱ्याचा मान ठेवून आहे.

दहाजण हसायला लागल्यावर ती बिचारी ते हसण्यावारी नेऊ लागली. मग तीच सवय झाली. पोर रांगायला लागलं, चालायला लागलं, तरी "आबा, तिकडं जाऊ नका." इतर आया बघा, पोराच्या पाठीत एक धपाटा घालतील, मुडद्या म्हणतील, आणि लगेच पोटाशी धरून मुके घेतील. शालनला ना धपाटा घालता आला, ना शिवी देता आली. घरी आलेल्या पाहुण्याचं करावं तसं ती त्याचं करायची. वेळेवर, नीट, मान खाली घालून. आणि तोही तसाच झाला. शहाणा, पोक्त. खोड्या काढाव्यात तर वाडीतलं कुणीतरी म्हणायचंच, आबा असं करतात व्हय?

आणि मला काय मिळालं? ऐका. मी वळणावर आले की हाळी द्यायची, 'आबा'. आणि बांधावरून ते एवढंसं पोर पळत यायचं, ओ देत. पहिल्यांदा तो असा पळत आला ना, तेव्हा मी त्याला कवटाळून भर रस्त्यात रडले होते. त्याच्या केसांना उन्हाचा वास येत होता. माझी हाक मला परत मिळाली. ती कुणाची तरी हिसकून मिळाली, हे मला माहीत होतं, तरी ती गोड लागली. अजून गोड लागते. हेही लिहूनच टाकते.

इथं थांबले तरी चाललं असतं, नाही? खोटं सांगून झालं, त्याचं फळ सांगून झालं. पण मनात जे सलतंय ते हे नाही. ते पुढं आहे, आणि तिकडं यायला मी एवढा वेळ लावलाय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

तो तीनेक वर्षांचा असेल. मी भाऊबीजेला गेले होते. दुपारी घरात कुणी दिसेना म्हणून मागल्या दारी गेले. मागं धुण्याचा दगड आहे, तिथं शालन त्याला आंघोळ घालत होती. तो नखशिखांत चिखलानं भरलेला. आणि ती त्याच्या अंगावर पाण्याचे हबके मारत म्हणत होती, "कुठं लोळून आलास रं, राघ्या? माझ्या राघू, शेंबड्या, डुकरा, बघू तुझं नाक!" तो खिदळत होता, तिच्या तोंडावर पाणी उडवत होता. आणि ती हसत होती. शालन. मोठ्यानं. तिला असं हसता येतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. डोक्यावर पदर नव्हता, साडी ओली चिंब, आणि ती त्याला 'तू' म्हणत होती. एकेका 'रं'वर जोर देऊन म्हणत होती, जसं काही दिवसभराचं साठवून ठेवलं होतं.

म्हणजे ती रोज असं करत होती. कुणी नसताना. तिनं ती हाक अगदीच सोडली नव्हती, मागल्या दारी लपवून ठेवली होती.

माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? पाय न वाजवता मागं फिरला असता. मी खाकरले. ती दचकली, पदर ओढला, आणि हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाली, "चला आबा, झाली आंघोळ." पोर तिच्या तोंडाकडं बघत राहिलं.

तेवढ्यावर तरी मी थांबावं? संध्याकाळी चुलीपाशी सगळे बसले असताना, भाकरीचा तुकडा मोडत मोडत, जसं सहज आठवलं तसं मी म्हणाले, "आई, एका लेकराला दोन हाका बऱ्या न्हाईत. पोरगं गोंधळतं. आन् आबांच्या जिवाला काय वाटंल?" शालनचं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. आईनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मेलेल्या मानसाचा शब्द हाय, शालन. त्यात बदल नगं." शालननं तव्यावरची भाकरी उलटली.

का केलं मी असं? मला हौस होती का तिला छळायची? नव्हती. मला ती आवडायची, देवाशपथ. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ती राघू म्हणत राहिली असती, तर कधी ना कधी पोरानंच विचारलं असतं की हे राघू कुठून आलं, आणि मग आबा कुठून आलं. तिची हाक जिवंत होती तोवर माझं खोटं कच्चं होतं. आणि अजून एक — ती हसत होती ना, ते मला बघवलं नाही. माझी आबांची हाक मला खोटं बोलून मिळवावी लागली, आणि हिची हिला मागल्या दारी फुकट मिळत होती. हे असलं माझ्या मनात आलं होतं. आलं होतं, ते आलं होतं.

त्यानंतर पुढच्या वेळी गेले तेव्हा मी मुद्दाम पोराला एकटं गाठून म्हटलं, राघू. तो हसला आणि मागल्या दाराकडं बघायला लागला. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा म्हटलं. तेव्हा तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. विसरला होता.

वर्षं गेली. आई गेली. सोपान दत्तात्रय शाळा शिकला, थोडं कॉलेज केलं, आणि आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. वेल्ह्याकडचा तांदूळ, भाजी मार्केटला नेतो. टेम्पोच्या मागच्या बाजूला त्यानं रंगवून घेतलंय: 'आजोबांचा शब्द'. पहिल्यांदा दाखवायला भोरला घेऊन आला, मी ओवाळलं, नारळ फोडला, आणि ते वाचलं. म्हणाला, "आत्या, तुझ्यामुळं मला माझा आजोबा कळला." मी त्याच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला आणि म्हटलं, गाडी सावकाश चालव.

आता मागच्या पावसाळ्यानंतरचं. शालनचं पिशवीचं ऑपरेशन करायचं ठरलं. पुण्याला नेलं. दत्ता घरी गुरांपाशी, म्हणून पोरगा आणि मी गेलो. ऑपरेशन नीट झालं. दुपारी तिला बाहेर आणलं, भूल उतरत होती. तो उशापाशी, मी पायांपाशी. ती डोळे मिटूनच बोलायला लागली. आधी कळेना. मग कळलं.

"राघू. अरं राघू, कुठं हाईस रं?"

तो खाली वाकला आणि म्हणाला, "आई, मी हाय. आबा."

तिनं डोळे उघडले नाहीत. पण 'आबा' ऐकलं आणि तिचा हात उठला — सलाईन लावलेला हात — आणि डोक्यापाशी चाचपडायला लागला. पदर शोधत होता तो. दवाखान्याच्या त्या हिरव्या झग्याला पदर कुठला? तो बिचारा म्हणाला, आत्या, डोकं दुखतंय बहुतेक तिचं. आणि त्यानं तिचं कपाळ दाबून दिलं.

थोड्या वेळानं आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्यानं मला विचारलं, "आत्या, राघू कोण गं?"

इथं कुणी नव्हतं. पाळणा नव्हता, बायका नव्हत्या, आई नव्हती. ज्याच्यापासून लपवायचं असं कुणी उरलंच नव्हतं. शेजारी तोच होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, आईच्या काळजीनं सकाळपासून चहासुद्धा न घेतलेला. एक वाक्य सांगायचं होतं.

मी म्हणाले, "कोण जाणे बाबा. तिच्या माहेरचं असंल कुणी."

"असंल," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी नारळपाणी आणायला गेला.

ती शुद्धीवर आल्यावर त्यानं तिलाही विचारलं. ती म्हणाली, भुलीत मानूस काय बी बरळतं, तुमी नका लक्ष देऊ.

शालन आता बरी आहे. जड उचलायचं नाही म्हणून सांगितलंय, तरी उचलते. पोरगा टेम्पो घेऊन घरी आला की ती आतून म्हणते, "आबा, हातपाय धुवा, वाढते." तो धुतो, जेवतो, तिला औषध घेतलंस का विचारतो. चांगला मुलगा आहे. तिचा जीव आहे त्याच्यावर, त्याचा तिच्यावर. गेल्या आठवड्यात मी गेले होते, तेव्हाही त्यानं मला म्हटलं की आईला एकदा सारोळ्याला नेऊन आणतो, ती कुणा राघूची आठवण काढत होती, असला कुणी तर भेटवतो. मी म्हटलं, ने.

त्याच्या आईनं त्या दिवशी त्याला हाक मारली होती. तो अगदी जवळ उभा होता, आणि ती आपल्यालाच होती हे त्याला ठाऊक नाही. मला आहे.